बांधाच्या आतल्या अंगाला

यंदाही हस्त कोरडा गेला. पावसाने बिऱ्हाड हलवलं आणि जाताना कोणाचा निरोपसुद्धा घेतला नाही. आमच्या नाणे मावळात भात निसवलं आहे. सकाळी दार उघडलं की इंद्रायणी भाताचा वास कोणाला न विचारता घरात शिरतो आणि चुलीपर्यंत जातो. लोणावळ्याला धुकं बघायला आलेली माणसं कधी वाट चुकून आमच्या रस्त्याला लागतात, गाडीची काच खाली करतात आणि विचारतात, "इथं जवळपास भात शिजतोय का हो?" शिजत नाही, शेतात उभं आहे, असं सांगितलं की त्यांना आपली थट्टा केल्यासारखं वाटतं.

लोंबीत दूध भरायचे हे दिवस. आता खाचरात बोटभर तरी पाणी उभं राहायला हवं. वरून थेंब नाही, तेव्हा आहे तेवढं राखायचं. आणि नेमके याच दिवसांत खेकडे बांध पोखरतात. रात्री भरलेलं खाचर सकाळी चिखल होऊन बसतं. बाहेरून बघावं तर बांध धडधाकट दिसतो.

माझी मुलगी जुई आज चहा व्हायच्या आत बाहेर पडली. खिडकीतून बघितलं तर ती खालच्या खाचराच्या कोपऱ्यावर, बांधाला गाल लावून पालथी पडली होती. ती पाणी ऐकत होती. आणि इकडे खाटेवर माझ्यासमोर एक निळी फाईल पडली होती. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, 'शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण'. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, बावीस वर्षं झाली. आमच्या वस्तीचं सर्वेक्षण यंदा माझ्याकडे आलं. सगळी घरं करून झाली होती. एकच राहिलं होतं, ते माझं.

तीन वर्षांपूर्वीचा आश्विन असाच होता, असाच कोरडा आणि असाच वासाचा. जुई आठ वर्षांची होती आणि दुसरीत होती, म्हणजे माझ्याच शाळेत, माझ्या वर्गाला लागून असलेल्या खोलीत. पुण्याच्या डॉक्टरांनी तिच्या कागदावर 'स्वमग्न' असं लिहून दिलं होतं. तो कागद मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवला होता. शाळेत चाळीस मुलं एका सुरात कविता म्हणायची, वर पत्रा, त्यातून निघणारा घुमारा, मधल्या सुट्टीतली ताटांची आदळआपट, आणि दर तासाला लोखंडी पट्टीवर पडणारा तो टोला. जुई दोन्ही कान झाकून बाकाखाली जाऊन बसायची. स्वतःचं मनगट चावायची. तिच्या बाई स्वभावाने गरीब होत्या, त्यांनी रागावून बघितलं, गोंजारून बघितलं, शेवटी "पालथ्या घड्यावर पाणी" म्हणाल्या आणि लगेच माझ्याकडे बघून ओशाळल्या.

दोन वर्गांच्या मधली भिंत एका विटेची होती. एक दिवस पलीकडून रडणं सुरू झालं. मी ओळखलं. आईला ओळखायला काय लागतं? पण माझ्या वर्गात त्या दिवशी तपासणीला केंद्रप्रमुख साहेब बसले होते आणि फळ्यावर सातचा पाढा होता. मी तो पाढा म्हणून घेतला. सात एके सात पासून सात दाहे सत्तर पर्यंत. मुलं म्हणत होती, तिकडे माझी मुलगी रडत होती, आणि माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. साहेबांनी शेरा चांगला दिला. घरी आल्यावर जुईचं मनगट मी हळद लावून बांधलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिला शाळेत नेलं नाही. हे मी फार मोठ्या विचाराने केलं असं आता कोणी समजू नये. मला स्वतःची भीती वाटली, एवढंच.

आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, त्यांनी मला बाजूला घेतलं. "सुनंदा, नाव पटावर राहू दे. हजेरीचं मी बघते. उद्या तिला यावंसं वाटलं तर वाट मोकळी राहील." चांगल्या मनाने म्हणाल्या. मीही मान हलवली. त्या दिवसापासून जुई घरी राहिली आणि कागदावर रोज शाळेत जात राहिली.

गावात कुजबुज झालीच. "दिव्याखाली अंधार" असं एकीने मला ऐकू येईल अशा बेताने म्हटलं. ते मी गिळलं. आप्पांपुढे मात्र माझी मान वर होईना.

आप्पा म्हणजे माझे वडील. लोणावळ्याला रेल्वेत खलाशी होते, आता भावाकडे असतात. त्यांच्या वडिलांना शाळेच्या पडवीत, वर्गाच्या बाहेर बसवलेलं होतं. मास्तर आत शिकवायचे आणि हे खिडकीच्या गजातून फळा वाचायचे. आप्पांना आत जागा मिळाली ती दाराजवळची. मला पहिल्या बाकावर मिळाली. आमच्या घरात देव नाहीत, भिंतीवर कोटातली तसबीर आहे आणि तिच्याखाली माझं डी.एड.चं प्रमाणपत्र आहे. आप्पा रोज सकाळी दोन्ही पुसतात. देव नसलेल्या घरात शाळा हीच काय ती सोवळ्यातली गोष्ट. अशा घरातल्या पोरीला मी शाळेतून काढलं होतं. ऐकल्यावर आप्पा भांडले नाहीत. "तीन पिढ्या लागल्या गं दारातून आत जायला," एवढं म्हणाले आणि फोन भावाच्या हातात दिला. त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

मी शाळेत, जुईचे बाबा तळेगावच्या कंपनीत, मग जुई दिवसभर कोणाजवळ? आमची चार खाचरं आहेत, एकाखाली एक. ती चांगुणा मावशी वाट्याने करते. डोंगराच्या कुशीतल्या ठाकरवाडीतली, साठीची, हाडापेराने काटक बाई. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या माज्यासंगं. न्हाई बोलत तर न्हाई बोलत. भात तरी कुटं बोलतंय?"

पहिले आठ-दहा दिवस जुई नुसती बांधावर बसून राहिली. मग पायाने चिखल दाबू लागली. मग एक दिवस खालच्या खाचरात पाणी गळत होतं तिथे जाऊन उकिडवी बसली. खेकड्याचं बीळ बांधातून आरपार गेलेलं असतं. पाणी आत शिरतं एका ठिकाणी आणि बाहेर पडतं हातभर लांब, खालच्या अंगाला. जुईने पाणी बाहेर पडत होतं तिथे चिखलाचा गोळा दाबला. थोडा वेळ थांबलं. मग बाजूने फुटलं. तिने तिथे दाबला. तिसरीकडून फुटलं. असं तीन दिवस चाललं. मी शाळेतून आले की बघायची आणि माझे हात शिवशिवायचे.

"मावशी, सांगा ना तिला! आतल्या अंगाने बुजवायचं असतं. बाहेरून दाबून काय होणार?"

"मला ठावं हाय की."

"मग सांगत का नाही?"

"तिनं कुटं इचारलंय?" मावशी वाळलेलं गवत उपटत म्हणाली. "जातंय तर जाऊंद्या घडीभर पानी. अर्धं माजंबी हाय त्यात. तुमी कशाला जीव टांगून घेताय?"

चौथ्या दिवशी जुई बांधाच्या वरच्या बाजूला गेली. पाण्यात हात घालून बराच वेळ चाचपत राहिली. हाताला ओढ लागली असावी, कारण एकदम थांबली. गवताचा बोळा केला, चिखलात घोळला, आत कोंबला आणि टाचेने दाबला. खालची धार बारीक झाली, थेंब थेंब झाली आणि थांबली. जुईने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती त्या थांबलेल्या जागेवर गाल टेकून पडून राहिली. मावशीने विडा काढला आणि म्हणाली, "झालं बगा." मी घरी येऊन मोरीत तोंड धुतलं, कारण मला रडू येत होतं आणि ते मावशीला दाखवायचं नव्हतं.

एक सांगून टाकते. अशा मुलांच्या अंगात काही अचाट शक्ती असते, असं हल्ली लोक मला गोड तोंडाने सांगतात. तसं काही नाही. बांध ऐकता मावशीलाही येतो, वाडीतल्या निम्म्या बायकांना येतो. जुईला ते यायला पुष्कळ दिवस लागले, तिच्या हातून दोनदा बांध फुटला, एकदा खेकड्याने अंगठा धरला तेव्हा तिने केलेला आरडाओरडा पार रस्त्यापर्यंत गेला. वेगळं होतं ते एवढंच, की हे तिने स्वतः धरलं होतं. पहिली-दुसरीच्या सव्वा वर्षात तिने स्वतः धरलेली एकही गोष्ट मला आठवत नाही.

आणि मग मी माझी चूक केली. ती चूक शिक्षकच करू जाणे.

मला वाटलं, हे तर शिकणंच आहे, मग याला नीट वळण लावायला हवं. मी दोनशे पानी वही आणली. वर सुंदर अक्षरात 'जुईची निरीक्षण वही' लिहिलं. रकाने आखले: वार, खाचर, बिळं किती, पाणी किती बोटं. रोज संध्याकाळी तिला जवळ बसवून विचारायचे, "आज किती बिळं सापडली? दोन अधिक एक किती?" बांधावर जाताना मी पट्टी नेऊ लागले. "हे उथळ, हे खोल. म्हण बरं, खोल." पहिले दोन-तीन दिवस तिने बोटं दाखवली. मी हरखून गेले. आप्पांना फोन केला, "रविवारी या, जुईचं शिकणं बघायला या." मोठ्या बाईंनाही बोलावलं. बरोबर त्यांनी आणखी दोघी शिक्षिका आणल्या. मी पोहे केले होते. घरी साखरपुडा असावा तशी माझी धावपळ.

त्या रविवारी बांधावर आम्ही सहा-सात माणसं ओळीने उभी राहिलो. आप्पा पांढऱ्या टोपीत, काठी टेकून, एका टोकाला. मी म्हटलं, "जुई, आजोबांना दाखव, पाणी कुठून गळतं?" ती उभी राहिली. "दाखव की राणी. काल कसं दाखवलंस?" कोणीतरी मोबाईल वर धरला. कोणीतरी टाळी वाजवून "शाब्बास, शाब्बास" म्हणालं, अजून काही झालेलंच नव्हतं तरी. जुईने माझ्याकडे एकदा बघितलं. ते बघणं मी ओळखायला हवं होतं, भिंतीच्या पलीकडचंच होतं ते. मग ती बांधावरच खाली बसली, कान झाकले आणि मनगट तोंडात घातलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे; फक्त हात माझा होता आणि अवलक्षण तिच्या पदरात पडलं. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, चांगले झालेत म्हणाले. आप्पांनी खाल्ले नाहीत. ते जाताना मला म्हणाले, "शाळेत हेच करायचे ना गं तिला? मग शाळा काय वाईट होती?"

त्यानंतर जुई बांधावर गेली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्याने नाही. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायची. मी वही लपवली, मग फाडली, मग चुलीत घातली. वह्या जाळल्याने काही उलटं फिरत नाही. हाका मारल्या, लाडू केले, मावशीला मध्ये घातलं. मावशी तिच्या शेजारी जाऊन नुसती बसायची आणि उठून जायची. त्याच दिवसांत सर्वांत खालचं खाचर कोरडं पडलं. मावशीला दुसरीकडे कापणी लागली होती, मी शाळेत होते. लोंब्या वर ताठ उभ्या राहिल्या. दाणा भरला की लोंबी वाकते. या वाकल्या नाहीत. हातात चोळलं की नुसता कोंडा निघायचा. सगळं खाचर पोचट गेलं.

कापणीच्या दिवशी मावशी मला बोलली. तोवर ती कधी असं बोलली नव्हती.

"बाई, एक इचारू? राग न्हाई ना येनार?"

"विचारा."

"तुमी आमच्या वाडीवर आलत्या, सखू माजी सात वर्साची व्हती तवा. दारात उभ्या ऱ्हायलात. फाईल काडली. मला इचारलंत, पोरगी साळंत का जात न्हाई? मी म्हनलं, तिला नगं वाटतंय. तुमी लिवलंत, पालक उदासीन. मंग नेलीत तिला आश्रमसाळंत. दोन येळा पळून आली, दोन येळा तुमीच येऊन घिऊन गेलात. व्हय का न्हाई?"

"हो."

"आता ती दवाखान्यात कामाला हाय. शिकली, बरं झालं, मी न्हाई म्हनत न्हाई. पन दोन वरीस ती रातच्याला आंथरुनात मुतायची, ते तुमच्या फायलीत हाय का? तवा सखूला कुनी इचारलं व्हतं, की बाय, तुला का नगं? मलाच इचारलंत. आन आता तुमची घरात बसलीया तर तुमी म्हनता, पोरीचा कल बगायचा. आमच्या पोरींना कल नव्हता व्हय?"

मी विळा चालवत राहिले आणि कापत होते ते भात पोचट होतं. सखू शिकली याचा मला आनंद आहे, आणि ती रडत होती हे मला माहीत होतं, हेही खरं आहे. पळून आलेल्या पोरीला मी हाताला धरून चढणीवरून खाली आणलं तेव्हा ती वाटेत प्रत्येक झाडाला मिठी मारत होती. तेव्हा मी तिला काय म्हणाले तेही आठवतं. "शिकलीस तर मोठी होशील." शाळेच्या विरुद्ध मी आजही नाही. सकाळी साडेदहाला फळ्यावर तारीख घालताना मला अजून बरं वाटतं. पण बावीस वर्षं मी गळती बाहेरच्या अंगाने बुजवत आले, जिथे पाणी बाहेर पडताना दिसतं तिथे. रडतंय, गप्प करा. पळतंय, धरून आणा. बसत नाही, बसवा. ते कुठून आत शिरतं हे बघायला वरच्या बाजूला जावं लागतं, गुडघाभर पाण्यात उतरून हात घालावा लागतो. त्याला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात साहेब येतात.

जुई परत बांधावर गेली ती पुढल्या वर्षी. कधी गेली ते मला कळलंसुद्धा नाही. एक दिवस शाळेतून आले तर दारात चिखलाची छोटी पावलं होती. मी पुसली नाहीत. विचारलं नाही, शाब्बास म्हटलं नाही, आप्पांना फोन केला नाही. मला आयुष्यात इतकं कठीण काही गेलं नसेल. शिक्षकाची जीभ आवरणं म्हणजे काय असतं ते शिक्षकालाच विचारावं. त्या वर्षापासून ती तिचं तिचं धरते आणि सोडते. मध्ये चार महिने फक्त मुंग्या होत्या. मग मावशीबरोबर चटया विणल्या, तिसरी चटई अर्धी टाकून दिली. यंदा ती पावसाळाभर बियाण्याच्या पिशव्यांवरची अक्षरं बोटाने गिरवत होती. एके दिवशी चुलीच्या राखेत तिने 'इंद्रायणी' लिहिलेलं मला दिसलं, शेवटची वेलांटी उलटी. माझं बोट तिकडे गेलं होतं. मी ते मागे घेतलं आणि भाकरी उलटली.

पुढे तिचं काय होईल, ती कशावर जगेल, आम्ही गेल्यावर तिच्याजवळ कोण बसेल, हे प्रश्न मला रोज पडतात. त्यांची उत्तरं या वासाच्या दिवसांतही मिळत नाहीत. जे मुलाला शाळेतून काढतात आणि निर्धास्त असतात त्यांचा मला हेवा वाटतो, आणि थोडा संशयही येतो.

गेल्या आठवड्यात फाईल माझ्याकडे आली तेव्हा मोठ्या बाईंनी हळूच सांगितलं, "तुझं घर 'नियमित' म्हणून टाक. पटावर नाव आहेच. कोण बघायला येतंय?" मी म्हटलं, "बाई, उद्यापासून तिची हजेरी लावू नका." त्या एकदम खुर्चीत मागे टेकल्या. "मागची तीन वर्षं कोणी काढली तर? माझ्यावर येईल, तुझ्यावर येईल. नोकरी आहे गं ही." मी म्हटलं, "विचार करते." घाबरले होते, म्हणून तसं म्हटलं. फाईल आठवडाभर खाटेवर राहिली.

काल आप्पा आले. त्या रविवारनंतर तीन वर्षांत ते शेताकडे फिरकले नव्हते, घरातूनच जायचे. काल कोण जाणे काय वाटलं, काठी घेऊन एकटेच बांधावर गेले. मी मागे गेले नाही, खिडकीतून बघत राहिले. वरच्या खाचराला गळती लागली होती. आप्पा वाकले आणि खालच्या अंगाला, धार पडत होती तिथे, पायाने चिखल लोटू लागले. जुई लांबून बघत होती. बराच वेळ तिने बघितलं. मग ती आली, आप्पांचं मनगट धरलं आणि त्यांना बांधावरून वरच्या बाजूला नेलं. कुणाचा हात ती स्वतःहून धरत नाही. आप्पा, धोतर भिजतंय याची पर्वा न करता, पाण्यात बसले. जुईने त्यांचा हात पाण्याखाली नेला आणि एका जागी ठेवला. दोघं तशीच बसून राहिली, एक ऐंशीचे, एक अकराची.

घरी आल्यावर आप्पांनी हात पुसले नाहीत. "ओढ लागते हाताला," मला म्हणाले. "बीळ दिसत नाही, पण ओढ लागते." मग चहा पिता पिता खाटेवरच्या फाईलकडे त्यांची नजर गेली. "काय लिहिणार आहेस?"

"खरं लिहिलं तर आपल्या घरातली पोर शाळाबाह्य म्हणून लागेल, आप्पा. माझ्या अक्षरात."

ते तसबिरीकडे बघत होते. "माझा बाप पडवीत बसायचा," ते म्हणाले, "पण मास्तर हजेरीत त्याचं नाव घ्यायचे नाहीत. बसलेल्याचं नाव नाही, आणि हिचं न बसता नाव. दोन्ही खोटंच की." मग कप खाली ठेवून म्हणाले, "खरं लिही. मला वाईट वाटेल. वाटू दे."

आज सकाळी चहा झाल्यावर मी फाईल घेतली आणि बाहेर जाऊन माझ्याच दारात उभी राहिले. सर्वेक्षणाची रीत आहे, उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारायचं. अंगणात चांगुणा मावशी विळ्याला धार लावत होती. ती हसली. "काय बाई, घर इसरलात का?" मी हसले नाही, तेव्हा तिनेही विळा खाली ठेवला. तिला फाईल ओळखू आली.

मी मोठ्याने वाचू लागले, सगळ्यांच्या दारात वाचते तसंच. मुलीचं नाव. वय. घरातली माणसं. मूल नियमित शाळेत जाते का? मी 'नाही' लिहिलं. त्याखाली रकाना होता, कारण. पुढे छापलेली यादी: स्थलांतर, घरकाम, लहान भावंडं सांभाळणे, दिव्यांगत्व, पालकांची उदासीनता. बावीस वर्षं मी यातलं एक निवडून गोल करत आले, तेही आईबापांना विचारून.

जुई शेतातून आली होती आणि रांजणाजवळ हात धूत होती. मी तिच्यासमोर जाऊन खाली बसले.

"जुई," मी विचारलं, "तू शाळेत का जात नाहीस?"

आणि थांबले. मावशी बघत होती. जुईने एकेक बोट धुतलं, नखांतला चिखल काढला, पुन्हा धुतलं. मी पुन्हा विचारलं नाही. मग ती वळली, माझ्याजवळ आली, आणि तिचे ओले तळवे तिने माझ्या दोन्ही कानांवर घट्ट ठेवले.

अंगण बंद झालं. मावशीचे ओठ हलताना दिसले, शब्द आला नाही. आत नुसती घूंघूं होती, माझ्याच रक्ताची, आणि त्या आवाजात मला तो सातचा पाढा आठवला. तिला माहीत होतं का, की त्या दिवशी भिंतीच्या या बाजूला मी होते आणि मला ऐकू येत होतं? कदाचित तिला फक्त हात पुसायचे असतील. पण मी बावीस वर्षांत पहिल्यांदा एका मुलीला विचारलं होतं, आणि मला वाटतं तिने सांगितलं. पाणी माझ्या मानेवरून पोलक्यात उतरलं. मी तिचे हात काढले नाहीत. तिने काढले तेव्हाच निघाले.

यादीतल्या कशालाही मी गोल केला नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'मुलीला शाळेत त्रास होत होता. शिक्षिकेला ते ऐकू येत होतं.' मग पालकाच्या जागी सही केली, आणि सर्वेक्षकाच्या जागीही.